'अफगाण' म्हणून नोंदलेली माणसे

नकाशावर 'ग्वालिया' हे नाव प्रथम दिसले तेव्हा मला ग्वाल्हेर आठवले आणि शिंद्यांचा त्या ओसाड मुलखाशी काही धागा जुळतो का, हे पाहण्यात मी पंधरा दिवस घालवले. जुळत नव्हता. ग्वालिया हे वेल्स देशाचे जुने काव्यमय नाव. इतिहास मी रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे असे आपटणे अंगवळणी पडले आहे. तरी मुलूख पाहायचाच होता. पर्थला राहणाऱ्या भाच्याने मोटारीमागे जोडायची कॅरव्हॅन भाड्याने घेतली आणि आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या प्रदेशाकडे निघालो.

पूर्वेला जाताना पाण्याचा जाड नळ बराच काळ सोबत करतो. मुंदारिंगच्या धरणापासून कालगुर्लीपर्यंत सुमारे ५३० किलोमीटर. १९०३ साली तो सुरू झाला. त्याआधी खारट तळ्यांचे पाणी लाकडे जाळून उकळायचे, वाफ थंड करून ते विकायचे. हे पाणी, पीठ, खाणीची अवजारे वाहून नेत होते उंट. ते हाकणाऱ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणत.

कूलगार्डीला १८९२ मध्ये सोने सापडले. काही वर्षांत वस्ती पंधरा हजारांच्या आसपास गेली. आज हजारही माणसे नाहीत. पण मुख्य रस्ता अजून मैदानाएवढा रुंद आहे, कारण उंटांचा तांडा तिथे वळवावा लागे. गावाबाहेरच्या दफनभूमीत 'अफगाणां'ची जागा वेगळी आहे. तिथेच ताघ महोमेटची कबर आहे. भाऊ फैज याच्यासोबत उंटांचा मोठा व्यवसाय करणारा हा माणूस जानेवारी १८९६ मध्ये कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढत असताना मारला गेला.

ही सगळी माणसे अफगाणिस्तानची नव्हती. कित्येक बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि पेशावरकडची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानची होती. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट मेलबर्नला गेले, ते कराचीहून. आणि कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती! 'अफगाण' हा शब्द वाचून मी इतकी वर्षे हा विषय परका म्हणून बाजूला ठेवला होता. चूक त्या मुलखातल्या लोकांची होती, पण ती मी तपासली नाही, ही माझी.

१९०१ च्या कायद्यानंतर मायदेशी जाऊन परत येणाऱ्याला युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनातून सूट मिळाल्याचा दाखला लागे. अशा दाखल्यांवर फोटो आणि हाताच्या पंजाचा ठसा असे. पुढे मालमोटारी आल्या, उंट निकामी ठरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तर १९२५ मध्ये मोकाट उंट मारण्याचा कायदाच केला.

शेवटचा मुक्काम ग्वालियाजवळ. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर इथे तरुणपणी खाण चालवत होता. १९६३ च्या डिसेंबरात खाण बंद पडली आणि काही आठवड्यांत गाव रिकामे झाले. पत्र्याच्या, गोणपाटाच्या खोल्या मात्र जपल्या आहेत. चुलीवर किटली आहे, खाटेवर गादी. उंटवाल्यांच्या वस्त्या गावकुसाबाहेर असत. कूलगार्डीत त्यांची जागा शोधत आम्ही तासभर फिरलो होतो. एक गंजलेला डबा दिसला, तो कुणाचाही असू शकतो. भाचा म्हणाला, "मामा, इथे पाहण्यासारखं काही नाही." रात्री कॅरव्हॅनच्या पत्र्यावर वारा आदळत होता आणि मी वहीत कराचीबद्दलचे प्रश्न उतरवून काढत होतो.

परतल्यावर मुंबईत एका दप्तरखान्यात गेलो. कराची बंदराचे कागद हवेत म्हटल्यावर समोरच्या गृहस्थांनी मान वर केली. "कराची? ते पाकिस्तानात ना?" मी चिठ्ठी परत घेतली आणि कराचीपुढे लिहिले : मुंबई इलाखा, १८९०-९६.