पत्री सरकार : विशीतल्या खांद्यांवरचा कारभार

‘पत्री सरकार’ हा विषय घ्यायचा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुधा 7 जून 1943 ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे आणि पायांना पत्र्या ठोकल्याच्या गोष्टी. त्या बाजूला ठेवा आणि एक साधा प्रश्न विचारा : ही माणसं तेव्हा किती वर्षांची होती?

तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले नाना पाटील चाळिशीत होते, कारण त्यांचा जन्म 1900 चा. पण कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी दोघेही 1922 चे, म्हणजे जेमतेम विशी ओलांडलेले. नानांची लेक हौसाताई तर 1926 ची.

आता या मंडळींनी अंगावर काय घेतलं ते बघा. 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात (आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते) न्यायदान मंडळं गावचे तंटे सोडवत होती. बांधाचा वाद, सावकाराचं देणं, नांदवत नसलेल्या सुनेची तक्रार अशा कामांत बंदुकीपेक्षा धीर जास्त लागतो. दुसरं काम ‘गांधी लग्नां’चं. हुंडा नाही, मानपान नाही, खर्च अगदी थोडा. शेतकऱ्याच्या घरी एका लग्नापायी जमीन गहाण पडायची, हे लक्षात घेतलं की या लग्नांचं मोल कळतं. ज्यांचे स्वतःचे संसार अजून मांडायचे होते, ती पोरं दुसऱ्यांचे संसार कर्जात बुडू नयेत म्हणून झटत होती.

त्याचा मोबदला काय? सरकारनं नानांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं होतं. तरीही 1946 पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. गावोगावच्या घरांनी ते इनाम नाकारलं, भाकरी दिली आणि तोंड बंद ठेवलं. या कारभाऱ्यांची खरी कमाई ती.

संशोधनाच्या दृष्टीनं अडचण इथेच आहे. पोलिसांच्या कागदांत ही माणसं दरोडेखोर म्हणून येतात, गौरवग्रंथांत वीर म्हणून. रोजची जबाबदारी दोन्हीकडे निसटते. म्हणून गावात मुलाखतीला जाल तेव्हा ‘लढाई कशी झाली?’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुमच्या घरचं लग्न कसं झालं, भांडण कुणी मिटवलं, रात्रीची भाकरी कुणी थापली?’ हेही विचारा. एरवी गप्प बसणाऱ्या आज्याही मग बोलायला लागतील.