सामू

सामू (पीएच) : पाण्यात केलेले एखादे द्रावण किती आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी आहे, हे सांगणारी संख्या. द्रावणाच्या एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन किती मोल आहेत ते पाहून त्या आकड्याचा १० या पायाचा लॉगॅरिदम काढतात आणि त्याचे चिन्ह बदलतात. येणारी संख्या म्हणजे सामू. २५° से. तापमानाला ज्याचा सामू ७ ते द्रावण उदासीन, ७ पेक्षा कमी ते आम्लधर्मी आणि ७ पेक्षा जास्त ते आम्लारिधर्मी असते. सामू मोजतो ते त्या क्षणी द्रावणात मोकळे असलेले हायड्रोजन आयन. द्रावणात एकूण आम्ल किती आहे, हे तो सांगत नाही. प्रयोगशाळेपासून शेतापर्यंत सामूचा अर्थ लावताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

पाण्याचे आयनीभवन : शुद्ध पाण्यातही सगळे रेणू अखंड नसतात. २५° से. तापमानाला साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड या आयनांत विभागलेला असतो. हायड्रोजन आयन सुटा राहत नाही. तो लगेच दुसऱ्या पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम आयन बनतो, पण लेखनाच्या सोयीसाठी त्याला हायड्रोजन आयनच म्हणतात. शुद्ध पाण्यात या दोन्ही आयनांची संहती सारखी, म्हणजे दर लिटरला ०.००००००१ मोल असते. हा १० चा उणे ७ वा घात होय. त्यावरून उदासीन पाण्याचा सामू ७ येतो.

या दोन संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो. २५° से.ला तो १० चा उणे १४ वा घात असतो. त्यामुळे हायड्रोजन आयन वाढले की हायड्रॉक्साइड आयन त्याच प्रमाणात घटतात, आणि एकाच संख्येवरून दोन्ही आयनांचा अंदाज येतो. तापमान वाढले की आयनीभवनही वाढते. ६०° से.ला शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.५ भरतो. तरीही ते पाणी आम्लधर्मी नसते, कारण त्यात दोन्ही आयन समसमानच असतात. उदासीनतेची खूण म्हणजे आयनांची बरोबरी. ७ हा आकडा फक्त २५° से. पुरता खरा आहे.

मापनश्रेणी : लॉगॅरिदमामुळे सामूची एकेक पायरी दसपटीची असते. सामू ३ असलेल्या द्रावणात सामू ४ च्या दसपट, तर सामू ५ च्या शंभरपट हायड्रोजन आयन असतात. सामू २ असलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका लिटरमध्ये पाणी घालून ते दहा लिटर केले, तर सामू ३ होतो.

त्यामुळे सामूची सरासरी काढून चालत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाची सामू २ आणि सामू ४ असलेली दोन द्रावणे समान आकारमानात मिसळली, तर मिश्रणाचा सामू ३ येत नाही. पहिल्या द्रावणात दर लिटरला ०.०१ मोल आणि दुसऱ्यात ०.०००१ मोल आयन आहेत. त्यांची सरासरी ०.००५०५ मोल, म्हणून सामू सुमारे २.३ येतो. आणखी एक फसवे उदाहरण म्हणजे दर लिटरला १० चा उणे ८ वा घात इतके मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले अतिविरल द्रावण. सूत्रात आकडा घातला की उत्तर ८ येते. पण आम्लाचे द्रावण आम्लारिधर्मी होणे शक्य नाही. येथे पाण्याचे स्वतःचे आयनही हिशेबात धरावे लागतात, आणि ते धरले की सामू ६.९८ येतो.

ही श्रेणी ० ते १४ अशी छापलेली असते, पण ती निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे. अतिसंहत आम्लांचा सामू शून्याच्या खाली जातो. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन येथील खाणीत झिरपणाऱ्या पाण्याचा सामू उणे ३.६ इतका नोंदवला गेला आहे.

काही परिचित पदार्थांचे अंदाजे सामू :

जठररस : १.५ ते ३.५
लिंबाचा रस : २ ते २.५
व्हिनेगर : २.५ ते ३
दही : ४ ते ४.५
शहरी प्रदूषण नसलेल्या भागातील पाऊस : ५.६
गाईचे दूध : ६.५ ते ६.७
रक्त : ७.३५ ते ७.४५
समुद्राचे पाणी : ८.१
खाण्याच्या सोड्याचे द्रावण : ८.३
चुन्याची निवळी : १२.४

इतिहास : स्वीडनचे स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८० च्या दशकात आयनीभवनाचा सिद्धांत मांडला. पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारे ते आम्लारी, ही शालेय व्याख्या त्यातूनच आली. आऱ्हेनियस यांना १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सामूची कल्पना १९०९ मध्ये डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन (१८६८–१९३९) यांनी मांडली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते रसायन विभागाचे प्रमुख होते. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या उद्योगाने १८७५ मध्ये स्थापली होती. सोरेनसेन विकरांच्या कार्याचा अभ्यास करत होते. विकराचा वेग द्रावणात घातलेल्या एकूण आम्लावर अवलंबून नसतो, तो मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या संहतीवर अवलंबून असतो, असे त्यांना दिसले. प्रथिनांच्या द्रावणात बरेचसे आम्ल प्रथिनेच अडवून ठेवतात. त्यामुळे किती आम्ल घातले या नोंदीला फारसा अर्थ उरत नव्हता. मोकळ्या आयनांची संहती मात्र इतक्या लहान दशांश अपूर्णांकांत येई की ती लिहिणे आणि तिची तुलना करणे जिकिरीचे होते. लॉगॅरिदम घेऊन सोरेनसेन यांनी ती सुटसुटीत संख्येत आणली. १९२४ मध्ये त्यांनी व लिंडरस्ट्रोम-लांग यांनी संहतीऐवजी आयनांची क्रियाशीलता घेऊन व्याख्या अधिक काटेकोर केली. शालेय गणितांत मात्र संहतीच वापरतात.

मापन : सामूचा अंदाज घेण्याची सोपी साधने म्हणजे दर्शक, म्हणजेच आम्ल आणि आम्लारीत वेगवेगळे रंग दाखवणारे पदार्थ. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या रसाचे असे रंगबदल वर्णिले आहेत. लिटमस हे रंगद्रव्य शैवाकांपासून, म्हणजे दगडफुलाच्या जातीच्या सजीवांपासून, काढतात. ते आम्लात तांबडे आणि आम्लारीत निळे होते. हळद आम्लात व उदासीन द्रावणात पिवळी राहते आणि आम्लारीत लाल होते. हळदीला चुन्याची किंवा खाराची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

प्रत्येक दर्शकाचा रंग ठरावीक पट्ट्यातच पालटतो. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४, लिटमसचा साधारण ४.५ ते ८.३ आणि फिनॉल्फ्थॅलीनचा ८.२ ते १० असा आहे. फिनॉल्फ्थॅलीन रंगहीन राहिले म्हणून द्रावण आम्लधर्मी ठरत नाही. त्याचा सामू ८.२ पेक्षा कमी आहे, एवढेच त्यातून कळते. अनेक दर्शकांचे मिश्रण असलेला वैश्विक दर्शक लाल ते जांभळा अशी रंगमाला दाखवतो आणि रंगपट्टीशी ताडून साधारण एका एककापर्यंतचा अंदाज देतो.

अचूक मापनासाठी सामूमापक वापरतात. पातळ काचेच्या पडद्याच्या दोन बाजूंना हायड्रोजन आयनांची संहती वेगळी असली, की तेथे विद्युत विभवांतर निर्माण होते. माक्स क्रेमर यांनी ते १९०६ मध्ये दाखवले, आणि १९०९ मध्ये फ्रिट्स हाबर व क्लेमेनसिएविच यांनी त्यावर आधारित काचेचा विद्युत अग्र तयार केला. २५° से.ला सामूच्या एका एककामागे हे विभवांतर सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. आर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये त्याला इलेक्ट्रॉनिक विवर्धकाची जोड देऊन सुटसुटीत यंत्र बनवले. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी एका जुन्या सहाध्यायाने त्यांची मदत मागितली होती. आजही वापरापूर्वी सामूमापक ज्ञात सामूच्या द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावा लागतो.

तीव्रता आणि साठा : दर लिटरला ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाचा सामू १ असतो. तेवढेच ॲसिटिक आम्ल घेतले, तर सामू सुमारे २.९ येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे आणि त्याचे जवळजवळ सर्व रेणू आयनांत विभागतात. सौम्य ॲसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी मात्र साधारण एकच विभागलेला असतो. तरीही या दोन्ही द्रावणांचे समान आकारमान उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच लागते. मोकळे आयन खर्ची पडतात तसतसे ॲसिटिक आम्लाचे उरलेले रेणू विभागत जातात आणि आपला वाटा पुरा करतात. म्हणून एकूण आम्ल मोजायला सामू पुरत नाही, त्यासाठी अनुमापन करावे लागते, म्हणजे ज्ञात संहतीचे आम्लारी घालत जाऊन आम्ल उदासीन करायला ते किती लागले हे मोजावे लागते. अनुमापनाचा अंत्यबिंदूही दर वेळी ७ वर येत नाही. ॲसिटिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अनुमापनात तो ७ च्या वर, साधारण ८.७ ला येतो. तेथे फिनॉल्फ्थॅलीन योग्य दर्शक ठरते आणि मिथिल ऑरेंज चुकीचे उत्तर देते.

सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले, तर थोडे आम्ल किंवा आम्लारी घालूनही सामू फारसा हलत नाही. अशा द्रावणाला बफर द्रावण म्हणतात. बाहेरून आलेले हायड्रोजन आयन क्षारातील ऋण आयन पकडतात आणि हायड्रॉक्साइड आयनांना आम्लाचे रेणू उदासीन करतात. या दोहोंपैकी एकाचा साठा संपत आला की सामू झपाट्याने बदलतो.

सजीवांमध्ये : रक्तातील मुख्य बफर कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचा आहे. बायकार्बोनेटचे प्रमाण कार्बोनिक आम्लाच्या सुमारे वीसपट असते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून हा समतोल सांभाळतात. सामू ७.३५ च्या खाली गेला तर आम्लरक्तता होते. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेल्यास जीव सहसा वाचत नाही. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, आणि सामू ५.५ च्या आसपास खाली आला की दातांवरचे कवच विरघळू लागते. दुधात विरजण लावल्यावर लॅक्टिक आम्लामुळे सामू उतरतो. तो ४.६ च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन साकळून दही लागते.

पाणी आणि हवा : हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. गंधक व नायट्रोजन यांच्या ऑक्साइडांमुळे सामू त्याहून बराच उतरतो तेव्हा त्याला आम्लवर्षा म्हणतात. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, असे भारतीय मानक सांगते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ पर्यंत आला आहे. हा फरक आकड्यात क्षुल्लक वाटतो, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन सुमारे सव्वापट झाले असा आहे. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणे त्यामुळे अवघड होते. याउलट बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेटामुळे तीव्र आम्लारिधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास नोंदवला गेला आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

जमिनीचा सामू : माती आणि पाणी यांचे ठरावीक प्रमाणात मिश्रण करून त्याचा सामू मोजतात. बहुतेक पिकांना ६ ते ७.५ हा पट्टा मानवतो. कोकणात मुसळधार पावसाने क्षार धुऊन गेलेल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत. अशा जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम अधिक विरघळतात व स्फुरदाला बांधून ठेवतात. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तेथे लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. उसाच्या कोवळ्या पानांवर पडणारा केवडा हे लोहाच्या अशा कमतरतेचे लक्षण आहे. सामू ८.५ च्या वर गेलेल्या, सोडियम साठलेल्या चोपण जमिनीत मातीची रचना मोडते आणि पाणी मुरत नाही. तेथे जिप्सम घालून त्यातील कॅल्शियमने सोडियम हटवतात आणि निचऱ्यावाटे तो बाहेर काढतात. खारवट जमिनीत क्षार भरपूर असूनही सामू ८.५ च्या आतच राहू शकतो. म्हणून माती परीक्षणात सामूसोबत विद्युत वाहकताही मोजतात.

सुधारणेसाठी किती द्रव्य लागेल, हे सामूच्या आकड्यावरून ठरत नाही. सामू ५.५ असलेली वाळूसर जमीन थोड्या चुन्याने सुधारते. त्याच सामूच्या चिकणमातीला कितीतरी जास्त चुना लागतो, कारण तिच्या कणांनी धरून ठेवलेल्या आम्लाचा साठा मोठा असतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेले आम्ल आधी चुनखडीच खाऊन टाकते, आणि ती संपेपर्यंत सामू उतरत नाही. यामुळे मातीची चुन्याची गरज वेगळी मोजावी लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत माती बफर द्रावणात ढवळून त्या द्रावणाचा सामू किती उतरतो ते पाहतात.