धडा घरी, विचार वर्गात

भिवंडी तालुक्यातील दापोडे येथे रस्त्याच्या कडेने गोदामेच गोदामे आहेत. मालाने भरलेले ट्रक तेथून सतत ये-जा करीत असतात. समजा, अशा एका भरलेल्या ट्रकची आणि रिकाम्या रिक्षाची टक्कर झाली. ट्रकने रिक्षावर लावलेले बल मोठे, की रिक्षाने ट्रकवर लावलेले?

हा प्रश्न आपल्या वर्गात विचारून पाहा. बरेच हात ट्रकच्या बाजूने वर जातील. न्यूटनचा तिसरा नियम धडाधड म्हणून दाखवणारे विद्यार्थीही त्यात असतील. वास्तविक दोन्ही बले सारखीच असतात. रिक्षाचे वस्तुमान कमी असल्यामुळे तेवढ्याच बलाने तिला कितीतरी जास्त त्वरण मिळते, शिवाय तिचा सांगाडाही नाजूक असतो. म्हणून नुकसान तिचे अधिक होते. नियम पाठ असणे आणि नियमाने विचार करता येणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे ते या एका प्रश्नातून दिसते.

हे अंतर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर या भौतिकीच्या प्राध्यापकांना १९९० च्या सुमारास जाणवले. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतील अवघड गणितेही विद्यार्थी सोडवीत. परंतु हॅलून व हेस्टेनीस यांनी तयार केलेल्या, रोजच्या भाषेतील साध्या प्रश्नांची चाचणी दिली तेव्हा त्यांतील पुष्कळजण अडखळले. जड ट्रक आणि हलकी मोटार यांच्या टकरीचा प्रश्न अशाच प्रकारचा होता. एका विद्यार्थिनीने तर विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे?

माझूर यांनी १९९१ पासून तासाची रचनाच बदलली. पाठ्यपुस्तकातील भाग विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचा. वर्गात एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने कोणाशीही न बोलता आपले उत्तर नोंदवायचे. मग वेगळे उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. शिक्षकाने समजावून सांगायचे ते त्यानंतर. पुढे २००७ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बर्गमन व सॅम्स या दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी आपले पाठ चित्रित करून विद्यार्थ्यांना घरी पाहायला दिले, आणि ‘उलटा वर्ग’ ही कल्पना जगभर पोचली.

यामागचा हिशेब साधा आहे. बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. लक्षात ठेवणे व समजणे या तिच्या खालच्या पायऱ्या. विश्लेषण, मूल्यमापन आणि नवी मांडणी या वरच्या. नेहमीच्या पद्धतीत शिक्षक सोबत असतात तो वेळ खालच्या पायऱ्यांवर जातो आणि अवघड चढण विद्यार्थ्याने घरी एकट्याने चढायची असते. उलट्या वर्गात ही वाटणी बदलते.

मुंबईतील एक जुने उदाहरण

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. तिच्याशी नाते सांगणारे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८३४ पासून बाळशास्त्री जांभेकर साहाय्यक प्राध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी साहित्य व विज्ञान यांसाठी एक सभा स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या अग्रभागी होते. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा या नावाने तिच्या शाखाही निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते.

सभेची रीत अशी, की एकाने विषयाचा अभ्यास करून निबंध लिहून आणायचा, तो सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. म्हणजे माहिती गोळा करणे हे घरचे काम, आणि ती तपासणे, खोडणे, जोखणे हे एकत्र बसून करायचे काम. हे सारे वेळापत्रकाबाहेर चाले. त्याला गुण नव्हते.

या चर्चेचे वजन १८४९ मध्ये दिसले. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. नुसते बोलून न थांबता काही करून दाखवा, असे पॅटन यांनी सुचवले. त्याच वर्षी या विद्यार्थ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. कॉलेज सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, ते स्वतः विनावेतन शिकवीत. घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी करावी लागे आणि त्यात बोलणीही खावी लागत. नंतर जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे दाते पाठीशी उभे राहिले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आदल्याच वर्षी मुलींची शाळा सुरू केली होती. तेथेही समाजाचा विरोध असाच होता. ब्लूम यांची सर्वांत वरची पायरी याहून वेगळी काय असेल?

परीक्षा आली

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाचे काम अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. १८६२ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, तेव्हा या व्यवस्थेतून थोर माणसे निघाली नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वर्गात काय घडते यापेक्षा उत्तरपत्रिकेत काय उतरते याला महत्त्व आले. उत्तरपत्रिकेत पाठांतर सहज उतरते. शेजाऱ्याशी झालेला वाद उतरत नाही.

अलीकडे पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी हा वाद पुन्हा वर्गात आणला. संगणक आज्ञावलीच्या पहिल्या वर्षाच्या प्रचंड वर्गात आधी एकट्याने विचार, मग जोडीने चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी अशी पद्धत वापरली गेली. २०१३ मध्ये श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी या कृतींमध्ये गुंतलेले होते. वर्ग मोठा आहे म्हणून चर्चा शक्य नाही, ही आपली नेहमीची सबब त्यामुळे टिकत नाही.

दापोड्याच्या विद्यार्थ्याचे काय?

एक अडचण मात्र खरी आहे. पाठ घरी पाहून या, असे सांगणे सोपे. जो विद्यार्थी रात्री गोदामात हमाली किंवा नोंदणीचे काम करून सकाळी कॉलेजात येतो, ज्याच्या घरी एकच मोबाईल चौघांत फिरतो, त्याला ‘घर’ म्हणजे निवांत अभ्यासाची जागा नसते. अशा वेळी उलटा वर्ग ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी देईल आणि बाकीचे चर्चेत मुके बसतील.

यावर उपाय आहेत. घरचा पाठ चित्रफीतच असला पाहिजे असे नाही. दोन पानांचा मजकूर आणि तीन प्रश्न पुरतात, आणि माझूर यांचीही सुरुवात छापील पुस्तकापासूनच झाली. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी तासाची पहिली दहा मिनिटे मूक वाचनाला द्यावीत. मग एकच प्रश्न, पण असा, की ज्याचे उत्तर पुस्तकात शोधून सापडणार नाही.

१८४८ च्या विद्यार्थ्यांकडे यंत्रसामग्री नव्हती. एक तयार केलेला निबंध, तो ऐकून प्रश्न विचारणारे सोबती आणि ‘आता काय कराल?’ असे विचारणारा शिक्षक एवढेच त्यांच्यापाशी होते. ट्रक आणि रिक्षाचा प्रश्न उद्याच्या तासाला फळ्यावर लिहा, आणि उत्तर सांगण्याची घाई पाच मिनिटे आवरा. त्या पाच मिनिटांत वर्गात जो गलका होईल, तो ऐकण्यासारखा असेल.