स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील एक कॅथोलिक सही

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ प्रतिनिधींच्या सह्या आहेत. त्यांपैकी कॅथोलिक माणसाची सही एकच, ती मेरीलँडच्या चार्ल्स कॅरोल यांची. वडिलांचे नावही चार्ल्सच असल्याने हे चिरंजीव आपल्या जहागिरीचे नाव जोडून 'कॅरोलटनचे चार्ल्स कॅरोल' अशी सही करीत. नेमके कोणाला फासावर चढवायचे हे इंग्लंडच्या राजाला कळावे म्हणून त्यांनी हे नाव ऐनवेळी मुद्दाम जोडले, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका रम्य आहे, परंतु खरी नाही. १७६५ पासून ते अशीच सही करीत आले होते. थोर पुरुषांच्या चरित्रांवर असल्या वेली लवकर चढतात, आणि तो पुरुष आपल्या धर्माचा असला म्हणजे त्या छाटण्यास हात धजत नाही. कॅरोल यांच्या बाबतीत तर छाटण्याजोगे आणि त्याखाली दडलेले बरेच काही आहे. धर्मापायी ज्याने स्वतः अन्याय सोसला आणि त्याविरुद्ध लेखणी उचलली, त्याच्याच घराण्याच्या मालकीची शेकडो माणसे होती. त्याचे मोजमाप त्याच श्रद्धेत वाढलेल्या आपण कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

मेरीलँडची वसाहत दुसरे लॉर्ड बाल्टिमोर सेसिल कॅल्व्हर्ट या कॅथोलिक उमरावाने वसविली. इंग्लंडमध्ये छळ सोसणाऱ्या आपल्या धर्मबांधवांना तेथे आसरा मिळावा, हा त्यामागील एक हेतू होता. २५ मार्च १६३४ रोजी, मरियेला देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट यांनी तेथील सेंट क्लेमेंट बेटावर मिस्सा अर्पण केली. १६४९ मध्ये ख्रिस्ती माणसाला त्याच्या पंथावरून त्रास देऊ नये असा कायदाही तेथे झाला. परंतु १६८९ च्या उठावानंतर सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हाती गेली आणि आसऱ्याचे घर परक्याचे झाले. १७०४ च्या कायद्याने उघड मिस्सा अर्पण करणे गुन्हा ठरला, १७१८ मध्ये कॅथोलिकांचा मताधिकार गेला. वकिली बंद, सरकारी पद बंद. मिस्सा व्हायची ती श्रीमंतांच्या घरांतील खासगी प्रार्थनागृहांत. पोरांना कॅथोलिक शिक्षण द्यायचे तर समुद्रापलीकडे पाठवावे लागे.

चार्ल्स कॅरोल यांचा जन्म १७३७ चा, ॲनापोलिस येथील. अकराएक वर्षांचे असताना ते फ्रान्समधील सेंट ओमेर येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात गेले. पुढे पॅरिस, मग कायद्याच्या अभ्यासासाठी लंडन. सतराएक वर्षांनी, १७६५ मध्ये ते परतले तेव्हा तेरा वसाहतींतील अतिधनाढ्य घराण्यांपैकी एका घराण्याचे ते वारस होते. आणि तरीही गावातल्या साध्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता! राज्यपालाने १७७० मध्ये केवळ फर्मान काढून सरकारी अंमलदारांची शुल्के ठरविली होती; १७७३ मध्ये डॅनियल ड्युलानी या नामांकित कायदेपंडिताने वृत्तपत्रातून त्याची पाठराखण केली. 'पहिला नागरिक' असे टोपणनाव घेऊन कॅरोल यांनी त्याला उत्तरे दिली. मुद्दे संपले तेव्हा ड्युलानींनी प्रतिस्पर्ध्याचा धर्म काढला. ज्याला मतदानाचाही हक्क नाही, त्याने राज्यकारभाराविषयी बोलावेच कशाला, असा त्यांचा रोख होता. कॅरोल डगमगले नाहीत. लोकमत त्यांच्या बाजूने वळले, आणि बहिष्कृत समाजाचा हा माणूस मेरीलँडच्या जनतेचा पुढारी झाला.

१७७६ च्या वसंतात बेंजामिन फ्रँकलिन व सॅम्युएल चेस यांच्यासह त्यांना कॅनडात पाठविण्यात आले. तेथील फ्रेंच कॅथोलिकांना आपल्या बाजूस वळवावे, हा उद्देश. सोबत त्यांचे आप्त फादर जॉन कॅरोलही होते. हे शिष्टमंडळ हात हलवीत परतले, यात नवल नाही. दोनच वर्षांपूर्वी याच काँग्रेसने इंग्लंडच्या जनतेला लिहिलेल्या पत्रात कॅथोलिक धर्माची यथेच्छ निंदा केली होती, आणि क्यूबेकचे लोक ती विसरले नव्हते. पुढे २ ऑगस्टला कॅरोल यांनी जाहीरनाम्यावर सही केली. मेरीलँडची नवी राज्यघटना लिहिण्यातही त्यांचा वाटा होता. तिने सर्व ख्रिस्ती पंथांना समान हक्क दिले. (यहुद्यांना मात्र त्यासाठी १८२६ पर्यंत थांबावे लागले.) फादर जॉन कॅरोल १७९० मध्ये अमेरिकेचे पहिले बिशप म्हणून दीक्षित झाले. त्याच वर्षी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी कॅथोलिकांच्या अभिनंदनपत्राला उत्तर देताना, क्रांतीत कॅथोलिकांनी दिलेली साथ देशबांधव विसरणार नाहीत अशी आशा व्यक्त केली. अवघ्या एका पिढीत केवढे हे स्थित्यंतर! अमेरिकेतील कॅथोलिकांनी कॅरोल घराण्याचा अभिमान बाळगला, तो अकारण नव्हे.

आता दुसरे पान उलटू.

डॉरेगन मॅनर ही कॅरोलांची मुख्य जहागीर. क्रांतीच्या सुमारास त्या घराण्याच्या मालकीचे तीनशेहून अधिक गुलाम होते. तंबाखूची लावणी, गव्हाची कापणी, लोहारकाम, सुतारकाम, स्वयंपाक, मुलांचा सांभाळ हे सारे त्यांच्या हातून होई. लंडन-पॅरिसमधले शिक्षण आणि वृत्तपत्रांतील पत्रे लिहिण्याची फुरसत, दोन्ही त्यांच्याच घामावर उभी होती. गुलामगिरी हे मोठे पाप आहे हे कॅरोल यांना उमजत नव्हते, असेही म्हणता येत नाही. १७९७ मध्ये त्यांनी मेरीलँडच्या सिनेटात क्रमाक्रमाने गुलामगिरी बंद करण्याचे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. १८२० मधील एका पत्रात त्यांनी, गुलामगिरी ही मोठी दुष्ट गोष्ट आहे हे सर्वांना मान्यच आहे, अशा आशयाचे लिहिले आहे. वार्धक्यात ते मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवू पाहणाऱ्या वसाहत-संस्थेचे अध्यक्षही झाले. १४ नोव्हेंबर १८३२ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते अखेरचे हयात पुरुष होते. सारे राष्ट्र हळहळले. डॉरेगनच्या गुलामांना मात्र त्यांच्या मृत्युपत्राने सरसकट मुक्ती दिली नाही. ते जमिनीबरोबर वारसांकडे गेले.

येथे हमखास एक युक्तिवाद पुढे येतो: त्या काळी सगळेच असे वागत; आजच्या फूटपट्टीने कालची माणसे मोजू नयेत. हा युक्तिवाद आम्ही सहजासहजी झटकून टाकत नाही. माणूस आपल्या काळाच्या हवेतच श्वास घेतो, आणि आमची नातवंडे आमच्याविषयी काय म्हणतील याची आम्हांस तरी कोठे खात्री आहे? परंतु 'सगळेच' या शब्दापाशी आम्ही अडखळतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच क्रमशः मुक्तीचा कायदा केला होता. व्हर्जिनियाच्या रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्तऐवज करून साडेचारशेहून अधिक गुलामांच्या मुक्तीची व्यवस्था केली. तो कॅरोलांइतकाच कुलवंत, तशाच शेतीवर जगणारा. खुद्द वॉशिंग्टन यांनी उशिरा का होईना, १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली. पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतून आलेल्यांवर त्यांचा कायदेशीर अधिकार चालत नव्हता. याउलट, सर्व मानव समान निर्माण झाले आहेत हे वाक्य ज्यांनी लिहिले त्या थॉमस जेफरसन यांच्या निधनानंतर, १८२७ च्या जानेवारीत, माँटिसेलोच्या अंगणात त्यांच्या गुलामांचा लिलाव पुकारला गेला. म्हणजे त्याच काळाने कार्टर घडविला, त्याच काळाने जेफरसन. कॅरोल यांचे स्थान आम्ही जेफरसन यांच्या शेजारी लावतो. ज्ञान होते, शब्द होते, एकदा प्रयत्नही झाला. स्वतःच्या मिळकतीला हात घालण्याची वेळ आली तेथे पाऊल थबकले.

शिवाय 'सगळे' म्हणताना गुलामांना आपण मोजतच नाही. ते त्याच काळातले नव्हते काय? त्यांना काय वाटत होते, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे, आणि तो आम्हा कॅथोलिकांना विशेष बोचणारा आहे. मेरीलँडमधील येशूसंघीयांचे मळेही गुलामांच्या श्रमावर चालत. १७७३ मध्ये पोपमहोदयांनी येशूसंघ विसर्जित केल्यावर ते मळे त्याच धर्मगुरूंच्या मंडळाकडे राहिले. त्यांपैकी व्हाइट मार्श येथील मळ्यावरचा एडवर्ड क्वीन १७९१ मध्ये न्यायालयात गेला. आपली आजी मेरी क्वीन ही स्वतंत्र स्त्री होती, म्हणून आपणही स्वतंत्र आहोत, असा त्याचा दावा होता. प्रतिवादी होते फादर जॉन ॲश्टन. १७९४ मध्ये निकाल लागला आणि एडवर्ड जिंकला. कोणत्याही जाहीरनाम्यावर त्याची सही नाही. परंतु स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्याला तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते.

तरीही पुढे जे घडले ते टळले नाही. बिशप कॅरोल यांनी १७८९ मध्ये स्थापिलेले जॉर्जटाऊनचे महाविद्यालय १८३० नंतर कर्जात रुतले. १८१४ मध्ये येशूसंघ पुन्हा उभा राहिला होता. त्याचे मेरीलँडमधील प्रांताधिकारी फादर थॉमस मलेडी यांनी १८३८ मध्ये २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील दोघा मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरांना विकण्याचा करार केला. रोमहून संघप्रमुख फादर यान रोथान यांनी अटी घातल्या होत्या. कुटुंबांची ताटातूट होऊ नये, त्यांना धर्माचरण करता यावे आणि मिळालेला पैसा कर्जफेडीत जाऊ नये. तिन्ही अटी कागदावर राहिल्या. पहिल्याच हप्त्यातील सुमारे १७ हजार डॉलर महाविद्यालयाच्या कर्जापोटी गेले. विकली गेलेली ही माणसे कॅथोलिक होती, त्याच धर्मगुरूंच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली. पुढच्याच वर्षी, ३ डिसेंबर १८३९ रोजी, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध केला. तेव्हा अमेरिकेतील चार्ल्सटनचे विद्वान बिशप जॉन इंग्लंड यांनी, हा निषेध केवळ व्यापाराचा आहे, देशांतर्गत गुलामगिरीचा नव्हे, असा त्याचा अर्थ लावून दिला. विद्वत्ता कधी कधी दार बंद करण्याच्याही कामी येते.

अमेरिकेतील गुलामगिरी अखेर १८६५ मध्ये कायद्याने संपली. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी या मुक्तीसाठी झीज सोसली. त्या अर्पणपत्रिकेचा मान ज्यांच्याकडे जातो त्यांत अमेरिकेतील आमच्या ख्रिस्तसभेचे पुढारी फारसे सापडत नाहीत, ही जाणीव मराठी कॅथोलिक वाचकाला सुखावणारी नाही.

मग कॅरोल यांचे पुतळे हलवावेत काय? मेरीलँडने १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालपत्राचे लेखक, कॅथोलिक सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांचा ॲनापोलिसमधील पुतळा २०१७ मध्ये हलविला. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे त्या निकालाने ठरविले होते. गंमत अशी की टॅनी यांनी तरुणपणी स्वतःचे गुलाम मुक्त केले होते. म्हणजे एकाने घरचे गुलाम सोडले आणि देशभराच्या बेड्या आवळल्या, दुसऱ्याने कायदेमंडळात बेड्या सैल करू पाहिल्या आणि घरच्या तशाच ठेवल्या. आमच्या मते दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडता येणार नाही. टॅनींचा पुतळा त्यांनी दिलेल्या न्यायासाठी उभारलेला, आणि त्यांचा मुख्य न्याय हाच अन्याय होता. कॅरोल यांचा गौरव धर्मस्वातंत्र्याच्या लढ्यासाठी आहे, आणि तो लढा खरा होता. तो पुसण्याचे कारण नाही. त्याच्या बाजूला डॉरेगनच्या गुलामांची यादी मात्र लागली पाहिजे. धर्मग्रामांच्या शाळांत कॅरोलांची गोष्ट यादीविना सांगितली गेली, हेच आम्हांला खटकते.

याबाबतीत जॉर्जटाऊनने केलेले काम पाहण्याजोगे आहे. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी आवाज उठविल्यावर विद्यापीठाने मलेडी यांचे नाव एका इमारतीवरून उतरविले. १८ एप्रिल २०१७ रोजी विकल्या गेलेल्यांच्या वंशजांसमवेत पश्चात्तापाची उपासना झाली. येशूसंघाने त्यांची जाहीर क्षमा मागितली, आणि त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स हे नाव देण्यात आले. विक्रीच्या करारातील यादीत पहिले नाव त्याचे होते.

वंशजांचा शोध लागला तो बऱ्याच अंशी चर्चच्या जुन्या नोंदवह्यांमुळे. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींमुळे. त्या यादीत कॉर्नेलियस हॉकिन्स नावाचा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा होता. तो लुइझियानाला नेला गेला, गुलामगिरी संपल्यावरही तेथेच राहिला, तेथेच संसार थाटला. १९०२ मध्ये तो वारला. मॅरिंग्विन या छोट्या गावच्या कॅथोलिक दफनभूमीत त्याची कबर सापडली आहे.