उपकर आणि उपकार

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी हरले.

या पराभवाची चर्चा आमच्याकडे दर १४ एप्रिलला होते. कोणी दगा दिला, कोणाची मते फिरली, हे सारे निघते. पण हरलेला उमेदवार सरकारी तिजोरीचा अभ्यासक होता, सरकारी वित्त या विषयावर त्याने डॉक्टरेट मिळवली होती, हे क्वचितच कोणी बोलतो. संविधानाचे शिल्पकार म्हटले की आपण हात जोडतो आणि पुढचे वाचायचे राहून जाते.

'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' हा त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. सेलिगमन यांची होती, आणि ते स्वतः करशास्त्रातले जगभर मान्य नाव. १८३३ ते १९२१ या काळात कलकत्त्याची तिजोरी आणि प्रांतांचा खर्च यांचे नाते कसे बदलत गेले, हे त्यात आहे. सुरुवातीला सगळा पैसा मध्यवर्ती सरकारचा आणि खर्च प्रांतांचा. १८७१ पासून ठरावीक नेमणूक, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी प्रांतांकडे, १८८२ पासून वाटणी. विषय रुक्ष वाटतो, पण गाभ्याचा प्रश्न घरातल्या बाईलाही कळेल असा आहे. पैसा कोणाकडून घेतला, कोणाच्या हातात गेला, आणि खर्चाचा जाब कोण कोणाला विचारणार?

हा प्रश्न त्यांनी पुस्तकात बंद करून ठेवला नाही. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर एका मर्यादेच्या वरच्या उत्पन्नावरच लागतो. शेतसारा मात्र मोठ्या जमीनदारालाही त्याच दराने आणि एका तुकड्याच्या धन्यालाही त्याच दराने, पीक येवो न येवो. १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात खेड्यांची आखणी, स्वच्छता आणि घरे हे मुद्दे होते. आणि तरीही हे गृहस्थ 'कर कमी करा' म्हणत सुटणारे नव्हते. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी मिठावरचा कर पुन्हा लावा आणि दारूबंदी उठवून ते उत्पन्न वाचवा, असे स्वच्छ लिहिले. मिठाचा सत्याग्रह ताजा असलेल्या देशात निवडणुकीच्या तोंडावर असे लिहायला छाती लागते. लोककल्याणाच्या योजना आखायच्या तर पैसा कुठून आणणार हेही सांगितले पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

आता आपल्या जिल्ह्याच्या गोष्टीकडे येतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. ३१ जानेवारी १९४४ ला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. पद्धत सोपी होती. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशाच्या प्रत्येक टनामागे काही आणे उपकर घ्यायचा, तो वेगळ्या निधीत ठेवायचा, आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाना, पाणी, शिक्षण आणि घरे करायची. १९४७ च्या कायद्यात तर घरांचे खातेच स्वतंत्र केले. १९४६ साली अभ्रक खाणींसाठी याच धर्तीचा कायदा झाला होता.

यात दया नव्हती. ज्या मालावर देशाचे कारखाने चालतात, त्याच मालाच्या किमतीत तो काढणाऱ्याच्या छपराचा वाटा धरला पाहिजे, असा विचार होता. मराठीत 'उपकर' आणि 'उपकार' यांत एका कान्याचा फरक आहे. वर्गात फळ्यावर हे दोन शब्द शेजारी लिहिले की मुले हसतात.

तीस वर्षांनी हीच पद्धत भंडाऱ्याला दोन वाटांनी पोहोचली. १९७६ साली लोखंड आणि मँगनीज खाण कामगारांसाठी उपकराचा कायदा झाला. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीज खाणी त्यात आल्या. त्याच वर्षी बिडी कामगार कल्याण उपकर आणि निधीचे कायदे झाले. आमच्यासाठी दुसरा जास्त मोलाचा. भंडारा, पवनी, तुमसर, पलीकडे गोंदिया (तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, १९९९ पर्यंत) हा सारा टापू तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. कामठीच्या बाबू हरदासांनी १९३० च्या दशकात मध्यप्रांतातल्या बिडी कामगारांना संघटित केले, तेव्हापासून या धंद्याला आवाज मिळाला. बौद्ध मोहल्ला असो की मुसलमान मोहल्ला, दुपारी ओसरीवर तेच दृश्य: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कैची. माझी दादी वळायची. छाटणीत ठेकेदार किती बिड्या बाजूला काढील याचा अंदाज ती आधीच धरायची आणि हजारावर पन्नास-साठ जास्तीच्या वळून न्यायची. तिच्या लेखी तोही एक करच होता.

शेवटी शेवटी उपकराचा दर हजार बिड्यांमागे ५ रुपये होता. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली आणि घरांसाठी अनुदान मिळाले. आधी घरामागे ४० हजार, २०१६ पासून दीड लाख. शिष्यवृत्तीचे अर्ज मी शिक्षक म्हणून भरून दिले आहेत, त्यामुळे आईचे ओळखपत्र नसल्याने अडलेली मुले मला ठाऊक आहेत. घराच्या अनुदानाची अडचण वेगळी होती. त्यासाठी जागा असावी लागे. जिला जागाच नाही, तिला घर बांधायला पैसे मिळत नाहीत; म्हणजे सगळ्यात गरजू बाई पहिल्याच ओळीत बाद.

सोलापूरला यावर तोड निघाली. तिथल्या बिडी कामगार बायकांनी युनियनच्या बळावर सहकारी संस्था केली, कुंभारीला जमीन घेतली आणि कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी केली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा. २००६ साली ती घरे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. अर्थशास्त्रज्ञ पंतप्रधानाने बिडीवालीला घर द्यावे, हा योग मला आवडतो. आमच्याकडे तसे झाले नाही. आमच्या बायका एका शहरात नाहीत, पन्नास गावांत विखुरलेल्या आहेत, आणि प्रत्येक गावचा ठेकेदार वेगळा.

मग कायदेच गेले. मँगनीजचा उपकर २०१६ साली रद्द झाला, त्याच वेळी अभ्रकाचाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बिडीचा उपकर संपला. बिडीवर २८ टक्के आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला. कर गेला नाही, वाढला. त्यातला कामगाराच्या नावाचा हिस्सा तेवढा पुसला गेला. घरांची वेगळी योजनाही पुढे बंद झाली आणि बिडी कामगाराने पंतप्रधान आवास योजनेत अर्ज करावा असे ठरले.

अर्थतज्ज्ञ याचे समर्थन करतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. शंभर प्रकारचे उपकर म्हणजे शंभर हिशेब. वसुलीचा खर्च वाढतो, काही निधी वर्षानुवर्षे न वापरता पडून राहतात, आणि केंद्राला उपकर राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही म्हणून केंद्राला त्याची चटक लागते. सगळा पैसा एका तिजोरीत यावा आणि गरज पाहून खर्च व्हावा, हे कागदावर उत्तम आहे. बिडी आरोग्याला घातक आहे, तिच्यावर भरपूर कर हवा, हेही मला मान्य आहे. दादीचा खोकला मी ऐकला आहे.

पण 'गरज पाहून' म्हणजे कोणी पाहून? निधी वेगळा होता तेव्हा हजार बिड्यांमागचे ५ रुपये कुठे गेले, हे एखादी युनियन विचारू शकत होती. आता योजनेसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद होते, ती किती करायची हे दिल्लीच्या मर्जीवर. आवास योजनेच्या यादीत बिडीवाली ही बिडीवाली राहत नाही, गरिबांच्या लांब रांगेतला एक क्रमांक होते. १९२५ च्या पुस्तकातला प्रश्न इथे पुन्हा आडवा येतो. उर्दू शिकवताना मी सांगतो की 'महसूल' आणि 'हासिल' एकाच धातूचे शब्द आहेत. सरकारच्या महसुलात किती गेले ते पावतीवर दिसते. वळणारीला हासिल काय झाले, ते दिसायला वेगळे खाते लागत होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीचा दर १८ टक्के आणि तेंदूपत्त्याचा ५ टक्के करायचे ठरवले. वर्तमानपत्रांत बहुतेक चर्चा झाली ती बिडी स्वस्त व्हावी की नाही यावर. शिष्यवृत्ती मात्र अजून आहे, आणि तिचा अर्ज आईच्या किंवा वडिलांच्या बिडी कामगार ओळखपत्रावरच चालतो. आपल्या घरात जुने कार्ड असेल तर ट्रंकेत शोधा, फाटले असेल तर नव्यासाठी अर्ज करा. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करील. एकट्या जाऊ नका, मोहल्ल्यातल्या चौघी मिळून जा.