जोडीने

भनपुरी ही कारखान्यांची वस्ती आहे. रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरच्या सडकेला लागून, लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, सळया ओढणाऱ्या गिरण्या, मालमोटारींचे तळ आणि त्या साऱ्यांच्या आधाराने उभी राहिलेली घरे असा तिचा पसारा. आणि ज्यांची उभी हयात या धगीत व धुळीत गेली, त्या माझ्यासारख्यांना तिच्याविषयी जी ममता वाटते, ती परक्यास समजावून सांगणे कठीण आहे. गेल्या मार्गशीर्षात आमच्याच गल्लीतील एका मराठी कुटुंबातला मुलगा, जो येथल्याच एका गिरणीत अभियंता आहे, आपल्या नवपरिणीत पत्नीसह माझ्याकडे नमस्कारास आला. पंधरवड्याने ती उभयता इटलीस निघणार होती. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि नेपल्स असा बारा दिवसांचा बेत होता. बरोबर मुलाची आजी आली होती. इटली किती दूर आहे, खर्च किती येणार, यांपैकी काही तिने विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "आधी राजीमला जोडीने जाऊन या, मग कुठं जायचं तिथं जा."

ती मंडळी गेल्यावर आजीचा 'जोडीने' हा एकच शब्द माझ्या मनात घोळत राहिला. इटलीशी मराठी माणसाचा परिचय चांगला दीडशे वर्षांचा आहे, आणि जोडीने प्रवास करण्याची चाल तर त्याहून कितीतरी जुनी आहे. परंतु या दोन गोष्टींची गाठ पडावयास फार काळ लागला, आणि तो काळ कसा गेला याचा वृत्तांत सांगण्याजोगा आहे असे मला वाटते.

जोडी हा आपल्या धर्मकृत्यांतला शब्द आहे. विवाह होताच वधूवरांनी कुलदैवताच्या दर्शनास जावे, उपरण्याची आणि शालूची गाठ तशीच ठेवून पूजा करावी, जेजुरीस गेल्यास वराने वधूस उचलून काही पायऱ्या चढाव्यात, हा कुळाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. छत्तीसगडातील आम्हां मराठी घराण्यांना मात्र जेजुरी आणि तुळजापूर दूर पडली. १७४१ साली भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपुरावर आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करू लागले, आणि १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर नागपूरकरांनी येथे सुभेदारांमार्फत कारभार चालविला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने मुलखाची परगण्यांत वाटणी करून प्रत्येक परगण्यावर कमाविसदार नेमले. या कारभाराबरोबर फडणीस आले, कारकून आले, मोडी दफ्तरे आली आणि देव्हाऱ्यांतले टाकही आले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, दफ्तरे बंद पडली, माणसे मात्र राहिली. आणि कुलदैवताची वाट लांबल्यामुळे आमच्यासारख्या काही घरांनी महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरील राजीमला आपले मानले. रायपुरापासून सुमारे ४५ किलोमीटरांवरच्या त्या संगमाच्या वाळूत, कुलेश्वर महादेवाच्या ओट्याशी, माझ्या पणजोबा-पणजीपासून आमच्या घरातली प्रत्येक जोडी जाऊन आलेली आहे.

देवाच्या निमित्तावाचून, निव्वळ एकमेकांच्या सहवासासाठी पतिपत्नींनी घर सोडून दूर जावे, ही कल्पना मात्र त्या काळी कोणास सुचण्यासारखीच नव्हती. त्याचे कारण अरसिकता हे नव्हे. वधू आठ-दहा वर्षांची, वर सोळा-सतरांचा, आणि दोघेही एका मोठ्या घराच्या शिस्तीत. अशा विवाहानंतर सहवास हा पुष्कळ वर्षांनी यावयाचा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा ते वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढे रण माजले! शारदा कायद्याने १९२९ मध्ये वधूचे किमान वय चौदा ठरविले. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नी रमाबाईंस सरकारी दौऱ्यांवर बरोबर नेले, हीदेखील त्या पिढीस अपूर्व वाटणारी गोष्ट होती. मुली शिकू लागल्या, विवाहाचे वय वाढले, नोकरीच्या गावी स्वतंत्र बिऱ्हाडे झाली, तेव्हा कोठे 'मधुचंद्र' या शब्दास जागा मिळाली. शब्दाचा वेष शुद्ध संस्कृत असला तरी अर्थ विलायतेहून आलेला आहे. परंतु परक्या अर्थाला इतके सुंदर नाव देणाऱ्या अज्ञात मराठी लेखकाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मुंबई-पुण्याकडची जोडपी माथेरान, महाबळेश्वर, खंडाळा येथे जात. आम्हां मध्यप्रांतवाल्यांना पचमढी होती, जी प्रांताची उन्हाळी राजधानी म्हणून आधीच प्रसिद्ध होती. १९६७ साली राजदत्तांचा 'मधुचंद्र' हा चित्रपट आला तोपर्यंत ही चाल मध्यमवर्गीय घरांतून रुळलेली होती.

आता इटलीकडे वळतो. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि पुढल्याच वर्षापासून हिंदुस्थानची टपाल इटलीच्या टाचेवरील ब्रिंदिसी बंदरातून ये-जा करू लागली. आगबोटीने ब्रिंदिसीस उतरावे आणि आगगाडीने इटलीची सारी लांबी पार करून उत्तरेस जावे, म्हणजे समुद्रावरचे पुष्कळ दिवस वाचत. विलायतेस जाणाऱ्या किती हिंदी विद्यार्थ्यांना, वकिलांना आणि अंमलदारांना युरोपचे पहिले दर्शन इटलीच्या किनाऱ्यावर घडले असेल! परंतु ते थांबले नाहीत. इटली त्यांच्या दृष्टीने वाट होती, मुक्काम नव्हता. आणि त्या वाटेने जाणारे बहुतेक एकटे होते. समुद्रगमनाचे प्रायश्चित्त एकट्याने भोगणेच जड, तेथे पत्नीस बरोबर नेण्याचा विचार कोण करणार?

ज्याचा मुक्काम तेथे कायमचा झाला, त्याची कथा मी त्या मुलास व त्याच्या पत्नीस सविस्तर सांगितली, आणि येथेही सविस्तरच सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आले. इंग्रजीचे उत्तम शिक्षण घेतलेले, जिज्ञासू, मृदू स्वभावाचे हे तरुण राजे १८७० मध्ये विलायतेस गेले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, दादाभाई नौरोजींशी संभाषण झाले, आणि हे सारे ते आपल्या रोजनिशीत इंग्रजीत नोंदवीत राहिले. परतीच्या वाटेवर संधिवाताने त्यांचे पाय धरले. थंडीत प्रवास करीत, आजार अंगावर काढीत ते फ्लॉरेन्सला पोहोचले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्या शहरातील एका हॉटेलात, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पंचांगाप्रमाणे तोही मार्गशीर्षच.

फ्लॉरेन्स तेव्हा नव्या इटलीच्या राजधानीचे शहर होते. रोम हाती येऊन जेमतेम सव्वादोन महिने झालेले, दरबार अजून हलावयाचा होता. अशा नगरीत एका हिंदू राजाचे दहन करावयाचे कसे? त्या देशात प्रेते पुरण्याचीच रीत. चितेचा प्रकार नगरवासीयांनी पाहिलेला नव्हता. बरोबरच्या मंडळींनी आपल्या धर्माची अट सांगितली, अधिकाऱ्यांची खास परवानगी मिळाली, आणि शहराच्या पश्चिमेस कास्चिने नावाच्या विस्तीर्ण उपवनाच्या टोकाशी, जेथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीस मिळतो, त्या जागी पहाटेपूर्वीच्या काळोखात चिता रचली गेली. संगम सापडला, हे त्या परदेशात अडकलेल्या माणसांना केवढे समाधान वाटले असेल! कोल्हापूरच्या माणसाला संगम म्हणजे प्रयाग चिखली, आम्हांला राजीम. त्यांनी आर्नोच्या काठी तोच धर्म पाळला. पुढे १८७४ मध्ये त्या स्थळी घुमटीची छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाची आणि आतील रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सचे लोक त्या कोपऱ्यास 'इंदियानो' म्हणू लागले, आणि १९७० नंतरच्या दशकात तेथून जवळच आर्नोवर जो मोठा पूल बांधला गेला, त्यासही त्या हिंदी राजावरूनच नाव पडले. आपल्या देशात ज्याची आठवण थोड्यांना आहे, त्याचे नाव परक्या शहराच्या रोजच्या रहदारीत उच्चारले जाते, याचे मला फार समाधान वाटते.

हाच मँट पुढे बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा पहिला रचनाकार झाला. त्या राजवाड्यातील दरबारगृहाची जमीन व्हेनिसच्या कारागिरांनी घडविलेली आहे, आणि फेलिची हा इटालियन शिल्पकार बडोद्यास राहून तेथील पुतळे घडवून गेला. सयाजीराव महाराज १८८७ साली महाराणी चिमणाबाईंसह प्रथम युरोपच्या प्रवासास गेले, आणि पुढे ती दोघे अनेकदा गेली. मराठी संस्थानिकांत पतिपत्नींनी मिळून समुद्र ओलांडण्याचा हा प्रघात त्यांनी निर्भयपणे पाडला. पण तो राजाचा प्रघात होता, प्रजेपर्यंत झिरपावयास आणखी सत्तर वर्षे लागली.

मधल्या काळात इटली मराठी मनात शिरली ती ग्रंथांच्या वाटेने. लंडनमध्ये सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत उतरविले आणि ते १९०७ साली पुण्यास प्रसिद्ध झाले. सरकारने ते जप्त केले, तरी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे येथल्या तरुणांच्या तोंडी बसली. सावरकर विलायतेत होते तेव्हा त्यांच्या पत्नी यमुनाबाई मागे स्वदेशी होत्या.

एका जोडप्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण त्याचा धागा आमच्या रायपुराशी जुळतो. रेल्वे येण्यापूर्वी, १८७७ मध्ये, कलकत्त्याच्या विश्वनाथ दत्तांचे कुटुंब बैलगाडीचा प्रवास करून रायपुरास आले व सुमारे दोन वर्षे राहिले. त्यातला चौदा वर्षांचा नरेंद्र पुढे विवेकानंद झाला. १८९६ च्या डिसेंबरात स्वामीजी इटलीत होते: मिलान, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. बरोबर कोण? कॅप्टन सेव्हिअर आणि त्यांच्या पत्नी, हे इंग्रज दांपत्य. घरदार आवरून ते हिंदुस्थानास निघाले होते. त्यांनीच हिमालयात मायावतीचा आश्रम उभा केला, आणि पतीच्या मृत्यूनंतरही श्रीमती सेव्हिअर तेथे अनेक वर्षे राहिल्या. इटलीतून संसाराच्या सुखाकडे न जाता जोडीने एका व्रताकडे गेलेले असे दुसरे दांपत्य मला ठाऊक नाही. आमचा विमानतळ आज स्वामीजींच्या नावाचा आहे, आणि माझ्या शेजारची जोडी त्याच विमानतळावरून मुंबईस व तेथून इटलीस गेली.

मग महायुद्ध आले. चौथी, आठवी आणि दहावी हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सारे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो मोर्चा जिंकला आणि तेथेच ठार झाले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. त्यांच्या पराक्रमाच्या परिसरातील मोंतोने या टेकडीवरच्या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटी उभारली. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून बाहेर काढले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, आणि सुदैवाने घरी परतले. ज्या द्राक्षमळ्यांची चित्रे आज प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर झळकतात, तेथील वाटा कोकण-देशावरच्या या शेतकऱ्यांनी पायी तुडविलेल्या आहेत. आणि त्यांच्या बायका तेव्हा गावी पत्रांची वाट पाहत होत्या.

स्वातंत्र्यानंतर सामान्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे परदेशातली जोडी प्रथम उभी केली ती पु. ल. देशपांड्यांनी. 'अपूर्वाई' १९६० मध्ये आली. त्यात ते आणि सुनीताबाई आगबोटीने विलायतेस जातात, आणि परदेश दोघांनी मिळून पाहावयाचा असतो ही गोष्ट घराघरांत सहज शिरली. त्या वर्षांत ट्रिएस्टच्या लॉइड कंपनीच्या 'एशिया' व 'व्हिक्टोरिया' या बोटी मुंबईहून नेपल्स-जिनोआकडे जात असत. पुढे विमाने स्वस्त झाली, केसरी पाटलांनी १९८४ साली सुरू केलेल्या सहलींसारख्या सहलींनी मराठी माणसाला मराठी जेवणासह युरोप दाखविला, आणि मीना प्रभूंच्या 'रोमराज्य' या प्रवासवर्णनाने इटली हा एकच देश एका प्रवासास पुरेसा आहे हे पटवून दिले. आता तर भनपुरीतल्या गिरणीचा अभियंता आपल्या वेतनातून, कोणापुढे हात न पसरता, तेथे जातो.

ती दोघे राजीमला जाऊन मगच इटलीस गेली. परतल्यावर पौषातल्या एका संध्याकाळी येऊन त्यांनी आपली छायाचित्रे दाखविली. व्हेनिसची पुष्कळ होती, रोमचीही होती; त्यांत कोठे तो एकटा होता, कोठे ती, कारण काढणारा दुसरा. फ्लॉरेन्सला एका दुपारी ती दोघे ट्रामने आणि मग धुक्यातून बरेच पायी चालत उपवनाच्या टोकापर्यंत गेली होती. छत्रीपाशी कुत्र्याला फिरवावयास आलेल्या एका वृद्ध इटालियन बाईंनी आपण होऊन त्यांचा फोन मागून घेतला, दोघांना जवळ उभे राहण्याची खूण केली, आणि छायाचित्र काढून झाल्यावर पुतळ्याकडे बोट करून विचारले, "तुमचे?" मुलीने मान डोलावली. बारा दिवसांत दोघे एकत्र असलेले तेवढे एकच छायाचित्र आहे; आजीने ते मोठे करवून आणले असून त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी, राजीमच्या छायाचित्राखाली, लावले आहे.