गिरणी-आवारांचा पुनर्विकास

गिरणी-आवारांचा पुनर्विकास : बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागेवर घरे, दुकाने, कचेऱ्या व मोकळे मैदान आणून तिथे पायी वावरता येईल अशी मिश्र वस्ती वसवणे. कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. पण मुंबईतील गिरण्यांचा भाग, म्हणजे गिरणगाव, मुळात तसेच होते. पहिला भोंगा झाला की कामगार चाळीतून निघे आणि दुसरा होण्याआत फाटक गाठी. खानावळ, वाण्याचे दुकान, व्यायामशाळा सगळे त्याच वाटेवर. पुनर्विकासात हरवली ती ही वाट.

मुंबईत १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थांबल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार मोकळी होणारी जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: मोकळ्या जागेसाठी पालिका, परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडा आणि तिसरा वाटा मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. गिरणीच्या आवारात बहुतेक जमीन शेडखालीच असते, त्यामुळे पालिका आणि म्हाडा यांच्या पदरात फार थोडे पडले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला उलट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये रद्द केला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे आजही मॉलच्या आवारात उभे आहे. जतन म्हणायचे तर एवढेच. याउलट लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात सुमारे ६७ एकरांवर जुनी धान्य-कोठारे व कोळसा-गोदामे राखून त्यांच्याभोवती चौक आणि पादचारी रस्ते आखले गेले. तिथे जमिनीचा आराखडा एकच होता. मुंबईत प्रत्येक मालकाने आपल्या कुंपणापुरता विचार केला.

मुंबईबाहेर, खानदेशात तापीकाठचा कापूस आणि रेल्वे यांनी गिरण्या आणल्या. जळगावची खानदेश मिल स्थानकालगत होती. तिच्या जागेवर ‘खानदेश सेंट्रल’ हे संकुल आले. अमळनेरला प्रताप शेठ यांनी गिरणी काढली.

नव्या उद्योगांची मांडणी वेगळी आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे सुरत–भुसावळ मार्गावरील स्थानक असून मुंबई–आग्रा महामार्गही जवळून जातो. येथील औद्योगिक क्षेत्र महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या, नरडाण्यावरून जाणाऱ्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गामुळे या क्षेत्राचे महत्त्व वाढेल. पण इथे कारखान्याला खेटून चाळ नाही की बाजार नाही. प्लॉट उद्योगासाठी, राहणे गावात किंवा धुळ्या-शिरपुरात. महामंडळ जमीन विकत नाही, साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे उद्या नरडाण्याच्या शेड रिकाम्या पडल्या, तर वापर बदलण्याचा निर्णय गिरणीमालकांसारख्या सुट्या मालकांच्या हाती नसून महामंडळाकडे असेल आणि सगळ्या क्षेत्राचा एकत्र आराखडा करणे निदान कागदावर तरी शक्य राहील.